सिकलसेलचे कार्ड वाटले, किडनीचे काय?

वसतिगृहात राहणारे दहा-बारा वर्षांचे मूल रात्री अंथरूण ओले करते तेव्हा त्याला काय काय भोगावे लागते, हे वसतिगृहात वाढलेल्या कुणालाही सांगायची गरज नाही. गादी सगळ्यांसमोर उन्हात टाकायला लावतात. टोपणनाव पडते. गृहपाल दम देतो आणि वर शहाणपणा सांगतो, 'संध्याकाळी सहानंतर पाणी पिऊ नको.' विदर्भात, नंदुरबार-धुळ्याकडे, मेळघाटात अशी जी मुले आहेत त्यांपैकी काहींच्या रक्तात सिकलसेल आहे. त्या मुलांना पाणी तोडण्याचा हा सल्ला म्हणजे सरळ सरळ इजा आहे. त्यांचे मूल आळशी नाही, घाणेरडे नाही. त्याची किडनी पाणी धरून ठेवू शकत नाही.

मित्रांनो, सिकलसेलवर आपल्याकडे बोलणे झाले की रक्तावर होते. हिमोग्लोबिन किती, रक्त किती वेळा चढवले, दुखणे किती वेळा आले. किडनीचे नाव निघते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. हा उशीर निसर्गाने केलेला नाही, तो व्यवस्थेने केलेला आहे, एवढेच मला या लेखात सिद्ध करायचे आहे.

आधी शरीरात काय घडते ते समजून घेऊ. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरे येते, एवढाच काय तो बदल. पण प्राणवायू कमी झाला, पाणी कमी झाले, आम्लता वाढली की हे हिमोग्लोबिन आतल्या आत गोठल्यासारखे होते आणि गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. आता किडनीचा आतला गाभा बघा. तिथे प्राणवायू मुळातच कमी, क्षार भरपूर, आम्लताही जास्त. पेशी वाकडी व्हायला लागणारी सगळी परिस्थिती तिथे बारा महिने तेरा काळ हजर. म्हणून बाकी शरीर ठणठणीत दिसत असतानाही किडनीच्या गाभ्यातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबत राहतात, आणि हे तान्हेपणीच सुरू होते. लघवी घट्ट करून पाणी वाचवणे हे त्या गाभ्याचे काम. तेच पहिले बिघडते. मग मूल सारखे लघवीला जाते, रात्री उठते, उठले नाही तर अंथरूण ओले होते. पाणी शरीराबाहेर गेले की रक्त घट्ट होते, रक्त घट्ट झाले की पेशी आणखी वाकतात, आणि हातपाय, छाती, पाठ दुखायला लागते. लहान वयात रक्त दिल्यावर ही पाणी वाचवण्याची ताकद काही प्रमाणात परत येते असे दिसून आले आहे. मूल किशोरवयात पोचेपर्यंत ती संधी जवळपास संपलेली असते.

नागपूर-चंद्रपूरचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. पारा पंचेचाळीसच्या वर. निरोगी माणूस तिथे घामाने निथळतो, त्याची किडनी पाणी राखून ठेवते. सिकलसेलच्या मुलाची किडनी तेही करत नाही. आणि त्याच मुलाच्या शाळेत पिण्याच्या पाण्याची टाकी कोरडी, लघवीची सोय अशी की मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. बाबासाहेब २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्याचे पाणी प्यायले तेव्हा प्रश्न माणूस म्हणून पाणी पिण्याच्या हक्काचा होता. शंभर वर्षे होत आली. आपल्याच वस्तीतल्या मुलाला वर्गात बाटली जवळ ठेवू द्या आणि मागेल तेव्हा बाहेर जाऊ द्या, एवढ्यासाठी आज मास्तरांच्या विनवण्या कराव्या लागतात. ही गोष्ट मला अजिबात किरकोळ वाटत नाही.

दुसरा टप्पा जास्त फसवा आहे. लहानपणी सिकलसेलच्या मुलाची किडनी कमी नव्हे, गरजेपेक्षा जास्त वेगाने रक्त गाळते. वरून दिसायला उत्तम! रक्तातले क्रिएटिनिन तपासले तर ते कमीच येते, कारण या मुलांच्या अंगावर मांस कमी असते आणि त्यांच्या किडनीच्या नलिका क्रिएटिनिन जास्त बाहेर टाकतात. डॉक्टर रिपोर्ट बघतो आणि म्हणतो, किडनी नॉर्मल. खरे तर तो जादा वेगच किडनीच्या गाळण्या झिजवत असतो. झिजलेल्या गाळणीतून अल्ब्युमिन नावाचे प्रथिन लघवीत उतरू लागते. ही धोक्याची पहिली घंटा, आणि ती अनेकांमध्ये बालपणीच वाजते. ती ऐकायला फक्त लघवी तपासावी लागते. क्रिएटिनिन वाढेपर्यंत थांबलात तर किडनीचा मोठा भाग गेलेला असतो. म्हणून 'क्रिएटिनिन नॉर्मल आहे' या वाक्यावर कुणा कार्यकर्त्याने समाधान मानू नये. विचारा, लघवीतले अल्ब्युमिन पाहिले का? लघवी लाल किंवा चहाच्या रंगाची झाली होती का, हेही विचारा. कारण गाभ्याचे तुकडे मरून सुटले की लघवीतून रक्त जाते, आणि पोरगी असेल तर ते पाळीचे समजून सोडून दिले जाते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय-फुप्फुस-रक्त संस्थेने २०१४ साली जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यात वय वर्षे दहापासून दरवर्षी लघवीतले प्रथिन तपासा असे स्पष्ट सांगितले आहे. प्रथिन सापडले तर रक्तदाबासाठी वापरली जाणारी एनालाप्रिलच्या जातीची औषधे ते गळणे कमी करतात. ही औषधे जुनी आहेत, स्वस्त आहेत, सरकारी दवाखान्यात ठाऊक आहेत. पोटॅशियमवर लक्ष ठेवावे लागते आणि गरोदरपणात ती चालत नाहीत, म्हणून डॉक्टरशिवाय घ्यायची नाहीत, इतकेच. हायड्रॉक्सीयुरियाबद्दलही खरे ते सांगतो. ९ ते १८ महिन्यांच्या बाळांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बेबी हग' चाचणीत या औषधाने किडनीचा जादा वेग रोखला नाही. पण दुखण्याचे झटके कमी झाले आणि लघवी घट्ट करण्याची ताकद तुलनेने बरी राहिली. म्हणजे तो रामबाण नाही, तरी प्रत्येक मुलापर्यंत पोचलाच पाहिजे असे औषध आहे. प्रत्यक्षात गोळी असते ५०० मिलिग्रॅमची आणि मूल असते दहा किलोचे. आईने घरी कॅप्सूल फोडून अंदाजाने पाण्यात कालवायची का?

आणि दुखण्याचे इंजेक्शन! खेड्यातला डॉक्टर, मग तो पदवीचा असो की नुसता पाटीचा, पोर कळवळायला लागले की डायक्लोफिनॅक टोचतो. अर्ध्या तासात पोर शांत, डॉक्टर देव. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या जातीची औषधे किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. आधीच पाणी कमी झालेल्या, आधीच गाळणी झिजलेल्या मुलाला ती महिन्यातून दोन-तीनदा टोचली की काय होईल हे सांगायला नेफ्रोलॉजिस्ट लागत नाही. पण दुखणे सहन कर म्हणणे हाही उपाय नाही. सलाइन, पॅरासिटामॉल, गरज पडली तर ट्रॅमाडॉल, मॉर्फिन हे पर्याय वैद्यकशास्त्रात आहेत. मॉर्फिन तालुक्याच्या दवाखान्यात मिळत नाही. का मिळत नाही? कारण आपल्या मुलाच्या दुखण्याला दुखणेच मानले जात नाही. एका सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात मी स्वतः ऐकले आहे, 'हे सिकलवाले दर महिन्याला येतात, नाटकं असतात यांची.' थॅलेसेमियाच्या मुलांची गत वेगळी पण तितकीच गंभीर. वारंवार रक्त दिल्याने साचलेले लोह काढायला जे डेफेरासिरॉक्स दिले जाते त्यानेच किडनीला इजा होऊ शकते. म्हणून ते चालू असताना दर महिन्याला तपासणी लागते. औषध वाटले, तपासणी नाही, असे चालत नाही.

आता शासनाकडे वळू. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत निर्मूलन. आदिवासी भागातल्या ० ते ४० वयाच्या ७ कोटी लोकांची तपासणी. तपासणी झाली की कार्ड. भाषणात, फलकावर, जाहिरातीत जे आकडे झळकतात ते तपासण्यांचे आणि कार्डांचे. आज जिवंत असलेल्या किती मुलांची यंदा लघवी तपासली आणि त्यातल्या कितींना औषध सुरू झाले, हा आकडा कुणी मंचावरून वाचून दाखवत नाही. 'निर्मूलन' या शब्दाचा व्यवहारातला अर्थ काय होतो पाहा. पुढे अशी मुले जन्माला येऊ नयेत. ठीक आहे. पण जी जन्मली आहेत त्यांचे काय? त्यांच्या किडन्या २०४७ पर्यंत वाट बघणार आहेत का?

शिवाय हे अभियान बोलते आदिवासींच्या भाषेत. आदिवासींसाठी ते हवेच, गोंड, परधान, माडिया, भिल्ल, पावरा समाजात हा आजार मोठा आहे आणि त्यात आपण एक इंचही मागे हटणार नाही. पण विदर्भातल्या पूर्वाश्रमीच्या महार, आजच्या बौद्ध समाजात सिकलसेल तितकाच घर करून आहे, हे नागपूरच्या वैद्यकीय वर्तुळाला साठ वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. उत्तर नागपूरच्या वस्त्या, भंडारा, गोंदिया, चंद्रपूरची गावे यांना 'आदिवासी क्षेत्र' नाही म्हणून बाजूला ठेवायचे हे कोणते शास्त्र? जनुक प्रशासकीय नकाशा बघून चालत नाही.

इथे दोन प्रकारचे लोक आपल्याला घेरतात. एक म्हणतो, 'हा तुमच्या जातीचा रोग.' त्याला उत्तर सोपे आहे. ज्या प्रदेशात मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या राहिला तिथे सिकलसेलचा एक जनुक असलेली माणसे मलेरियातून जास्त वाचली, म्हणून तो जनुक टिकला. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, ग्रीसमध्ये आहे. त्यात उच्चनीच काही नाही. जनुक मलेरियाने टिकवला, पण त्याला एका कुंपणात कोंडले ते जातीने. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी मांडले की जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहात आहे. त्या कुंपणाचा वैद्यकीय परिणाम आज आपण मोजतो आहोत. दोन वाहक एकाच समाजात, एकाच पंचक्रोशीत पुन्हा पुन्हा एकत्र येतात आणि प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक राहते.

दुसरा प्रकार सुशिक्षित आहे. तो म्हणतो, कार्ड जुळवून लग्न करा, प्रश्न मिटला. कार्ड जुळवायला माझा विरोध नाही. माहिती असणे हा हक्कच आहे. पण जातीचे कुंपण तसेच ठेवून आत पत्रिकेऐवजी कार्ड जुळवायचे, तर ही नवी कुंडलीच झाली. आणि कुंडली जशी मुलीवर उलटते तसे कार्डही मुलीवरच उलटते. वाहक मुलगा असला तर 'काही होत नाही', वाहक मुलगी असली तर स्थळ परत. वाहक म्हणजे रोगी नव्हे हे तिला नाकारणाऱ्यांना कुणी समजावले का?

अमेरिकेने हे आधीच करून पाहिले आहे. तिथे काळ्या माणसांचा म्हणून दुर्लक्षिलेला हा आजार ब्लॅक पँथर पक्षाने १९७१च्या सुमारास हातात घेतला. वस्त्यांमध्ये स्वतःचे मोफत दवाखाने काढले, रक्त तपासले, घरोघर जाऊन समजावले. १९७२ साली निक्सन सरकारला सिकलसेलवर राष्ट्रीय कायदा करावा लागला. त्याच सुमारास काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली, समुपदेशन मात्र दिले नाही. वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विमा नाकारला गेला. हवाई दलाच्या अकादमीने १९८१ पर्यंत वाहक तरुणांना दार बंद ठेवले. कार्ड कुणाच्या हातात जाते यावर त्याचा अर्थ ठरतो, हे आपण तिथून शिकायचे.

किडनीच्या बाबतीत तर वर्णभेद थेट गणितात शिरला होता. किडनी किती टक्के काम करते हे क्रिएटिनिनवरून काढण्याची प्रौढांसाठीची जी सूत्रे १९९९ नंतर रूढ झाली त्यात रुग्ण काळा असेल तर उत्तराला वेगळ्या आकड्याने गुणून ते वाढवले जाई. म्हणजे रक्त तेच, क्रिएटिनिन तेच, पण माणूस काळा म्हणून त्याची किडनी कागदावर जास्त चांगली. परिणाम उघड आहे. तज्ज्ञाकडे उशिरा पाठवणे, प्रत्यारोपणाच्या यादीत उशिरा नाव. हा गुणक काढून टाकायला २०२१ साल उजाडले. आपल्याकडे असा गुणक कुठल्या सूत्रात छापलेला नाही. आपल्याकडे तो वॉर्डातल्या नजरेत आहे.

त्याच १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव ब्लॅक पँथरवरून घेतले, लढाऊपणा घेतला, साहित्य पेटवले. त्या पिढीने जे दिले त्याचे ऋण मी मानतो. पण ऑकलंडच्या पँथरांनी हातात घेतलेली रक्त तपासायची सुई आपण का घेतली नाही, हा प्रश्न विचारायलाच हवा. नागपुरात तर जास्तच. दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय येतो. पुस्तकांचे स्टॉल लागतात, अन्नदान होते, आरोग्य शिबिरेही लागतात. शिबिरात बीपी आणि साखर तपासली जाते. लघवीची पट्टी किती शिबिरांत असते? जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेच्या पैशात एका वस्तीतल्या सगळ्या सिकलसेलग्रस्त मुलांच्या लघवीची तपासणी काही वर्षे करता येईल. हे ऐकायला कडू लागेल, लागू द्या. आपण गप्प बसण्याचे खरे कारण लाज आहे. 'आपल्या समाजाचा आजार' असे चारचौघांत म्हटले की आपली मान खाली जाते, म्हणून आपण घरात लपवतो. लपवलेल्या आजाराची मागणी कोण करणार?

'साधने कमी आहेत, आधी जीव वाचवू, मग किडनी' असे एक डॉक्टर मित्र मला म्हणाले. भला माणूस आहे, पण युक्तिवाद उलटा आहे. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीन वेळा, आयुष्यभर. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे, महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस आहे. योजनेला नाव आपल्या महापुरुषाचे, आणि तिचा लाभ केव्हा? किडनी गेल्यावर. भामरागड किंवा धडगावच्या कुटुंबाने आठवड्यातून तीनदा मशीनपर्यंत पोचायचे कसे, बुडालेली मजुरी कोण देणार? लघवी तपासायची पट्टी काही रुपयांची असते. पट्टीला पैसे नाहीत आणि मशीनला आहेत, याला साधनांची टंचाई म्हणत नाहीत. यात ठेकेदाराला काय मिळते हे ज्याचे त्याने ओळखावे.

कायद्याचेही बघा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया यांना दिव्यांगत्व मानले. उच्च शिक्षणातल्या राखीव जागांसाठी ठरलेल्या टक्केवारीचे प्रमाणपत्र असेल तर हे विद्यार्थी पात्र ठरतात. पण नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या यादीत, म्हणजे कलम ३४ मध्ये, रक्ताचे आजार नाहीत. शिका, पण नोकरी मागू नका! यावर आपल्या संघटनांचे एक तरी निवेदन गेले आहे का?

तेव्हा आता काम. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडी आणि शाळांत जाऊन ० ते १८ वयाच्या मुलांना तपासतात. वेगळी यंत्रणा उभारायची गरज नाही, त्याच पथकाच्या पेटीत लघवीची पट्टी ठेवा आणि दहा वर्षांवरच्या प्रत्येक सिकलसेलग्रस्त मुलाची वर्षाला एकदा तपासणी नोंदवा, ही मागणी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी द्या. ज्यांच्या लघवीत प्रथिन सापडेल त्यांचे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर जिल्हा रुग्णालयात व्हावे. समाजकल्याणच्या वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत जा, गृहपालाशी बोला. सिकलसेलच्या मुलाचे रात्रीचे पाणी बंद करायचे नाही, बाटली बाकावर राहील, लघवीला जायला परवानगी मागावी लागणार नाही, असे लेखी पत्रक समाजकल्याण आयुक्तांकडून आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडून काढून घ्या. पोराच्या कार्डाच्या मागे ठळक अक्षरात लिहून घ्या की याला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन तज्ज्ञाला विचारल्याशिवाय देऊ नये. माहिती अधिकारात दोनच प्रश्न टाका. आपल्या तालुक्यात सिकलसेलग्रस्त मुले किती, आणि गेल्या वर्षात त्यांतल्या कितींची लघवी तपासली? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'माहिती संकलित नाही' असे आले, तर ते उत्तर घेऊन पत्रकार परिषद घ्या. उन्हाळा लागायच्या आत, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत अर्ज गेले पाहिजेत. मे महिन्यात वॉर्ड भरलेले असतात आणि तेव्हा आपले ऐकायला कुणाला सवड नसते.

जय भीम.